आई, भाऊ आणि मी, तिघांचं तीन तऱ्हेचं दिसतं, मग सगळ्यांना सोरायसिसच कसा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते लक्षात राहील. विचारणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या आहेत. आई ५७ च्या, चार वर्षांपासून तळहात आणि तळपायाला जाड पापुद्रे, भेगा, कधीकधी रक्त येतं, एका डॉक्टरांनी इसब म्हटलं आणि दुसऱ्यांनी सोरायसिस. धाकटा भाऊ १९ चा, मागच्या महिन्यात घसा धरला, ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटापाठीवर थेंब शिंपडल्यासारखे लालसर ठिपके उठले, त्यालाही सोरायसिस सांगितलाय. आणि ताईंच्या स्वतःच्या अंगावर काहीच नाही, फक्त नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत आणि सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात. त्यांचं म्हणणं असं की तिघांचं काहीच एकमेकांशी जुळत नाही, मग एकच आजार कसा, आणि आजार एकच असेल तर आईचं मलम भावाला लावलं तर चालेल का.

मलम लावू नका, हे आधी सांगते. कारण पुढे येईलच.

मी सव्वीस वर्षं त्वचारोगाच्या ओपीडीत बसतेय आणि पेशंट जेव्हा "मला सोरायसिस आहे" म्हणतो तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, कोणता? लोकांना याचं नवल वाटतं. पण मूळ बिघाड एक असला तरी त्याची रूपं इतकी वेगळी आहेत की एकाला नुसतं मलम पुरतं, एकाला लाइट म्हणजे अतिनील किरणांचा उपचार लागतो, एकाला सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागतं आणि एखाद्याला त्याच दिवशी अ‍ॅडमिट करावं लागतं. आणि एक रूप दुसऱ्यात बदलूही शकतं, कधी आपोआप, पण मी पाहिलंय त्यात बऱ्याचदा चुकीच्या औषधामुळे. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

बिघाड काय आहे ते आधी समजून घ्या. आपल्या कातडीची पेशी तळाशी तयार होते, हळूहळू वर सरकते, पक्की होते आणि शेवटी अंघोळीच्या वेळी आपल्या नकळत निघून जाते, या सगळ्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तीच पेशी तीन ते पाच दिवसांत वर येते, म्हणजे कच्चीच पोळी तव्यावरून उतरवून एकावर एक रचत जावी तसं होतं, नीट पक्क्या न झालेल्या पेशींचे थर साचतात आणि त्याच पांढऱ्या चंदेरी खपल्या. ही घाई कातडी स्वतःहून करत नाही, तिला ती करायला लावते आपली प्रतिकारशक्ती. जंतू नसतानाही जंतू आल्यासारखी ती पेटते आणि काही रासायनिक निरोप सोडत राहते, त्यातले टीएनएफ, इंटरल्यूकिन १७ आणि इंटरल्यूकिन २३ हे मुख्य. ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही, फक्त एवढं कळलं की पुरे की गडबड रक्तातल्या पेशींच्या पातळीवरची आहे, घाणीची नाही, "रक्त खराब झालंय" तशीही नाही, आणि हात लावल्याने, एका टॉवेलने, एका ताटात जेवल्याने ती दुसऱ्याला होत नाही. होऊच शकत नाही, कारण यात पसरायला जंतूच नाही.

आता रूपं. सगळ्यात जास्त दिसतो तो प्लाक सोरायसिस, दहातल्या आठ-नऊ जणांना हाच असतो. कोपर, गुडघा, कंबरेचा मागचा भाग, डोकं. कड अगदी स्पष्ट, पेन्सिलने आखल्यासारखी, आत जाडसर चट्टा आणि वर खपली. पुस्तकात आणि नेटवर याचे फोटो बघितले तर सगळे गोऱ्या कातडीवरचे, लालभडक, आणि आपल्याकडचे लोक तो फोटो बघून म्हणतात माझं असं नाहीये. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तो लाल दिसतच नाही, जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळपट दिसतो. आणि बरा होताना तिथे फिकट डाग राहतो तो बघून घरचे घाबरतात की आता कोड उठलं. ते कोड नसतं, काही महिन्यांत रंग भरून येतो, पण या भीतीपायी चालू असलेलं चांगलं औषध बंद केलेले कितीतरी लोक मी पाहिलेत.

डोक्यातला सोरायसिस कोंडा म्हणून वर्षानुवर्षं खपून जातो. फरक असा की कोंडा केसभर पसरलेला, तेलकट, भुरभुरणारा असतो, आणि सोरायसिसचा चट्टा हाताला जाड लागतो, केसांच्या रेषेच्या बाहेर कपाळावर, कानामागे उतरतो. असा "कोंडा" घेऊन कोणी आलं की मी कानामागे, बेंबीत आणि नखं बघते, तिथे खूण सापडली की अर्धं निदान झालंच. यात केस थोडे गळतात पण बहुतेक वेळा परत येतात. कंगव्याने खपल्या उकरू नका एवढं मात्र पाळा.

उकरण्यावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. या आजारात जिथे कातडीला इजा होते, घासलं जातं, दाब पडतो, तिथे नवा चट्टा उठू शकतो. हाइनरिश कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं म्हणून याला त्यांचंच नाव आहे. आमच्याकडे याचं सगळ्यात नेहमीचं रूप म्हणजे परकराच्या नाडीच्या रेषेत कमरेभोवती उठलेला पट्टा, बाई सांगते नाडी काचली म्हणून झालं, आणि ती बरोबरच सांगत असते, फक्त नाडी काचणं हे निमित्त, मूळ सोरायसिस. पुरुषांना बेल्टच्या जागी, मुलांना पडून खरचटलं तिथे, आणि टॅटू काढला तर हुबेहूब टॅटूच्या आकारात.

आणि हेच तुमच्या आईंना लागू आहे. तळहात-तळपायाचा सोरायसिस आणि इसब यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो, त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली म्हणून कोणावर रागवू नका. इसबात बहुतेक वेळा बारीक पाण्याच्या पुटकुळ्या येऊन गेलेल्या असतात, ओल असते, खाज जबरदस्त असते, कड अंधुक असते. सोरायसिसमध्ये कोरडं, जाड, मनगटाशी किंवा पावलाच्या कडेला जिथे तळव्याची कातडी संपते तिथे स्पष्ट रेषा, आणि भेगांचं दुखणं खाजेपेक्षा जास्त. पण नियम पक्का नाही. म्हणून मी तीन गोष्टी करते, नखं आणि कोपर-गुडघे-डोकं तपासते, खपली खरवडून बुरशीची साधी तपासणी करते कारण तळपायाचा नायटा हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि तरी शंका राहिली तर छोटी बायॉप्सी. बायॉप्सी म्हटलं की लोकांना कॅन्सर आठवतो, तसं काही नाही, भूल देऊन मसुराच्या डाळीएवढा तुकडा घेतात आणि एखादा टाका पडतो.

आईंना तीन गोष्टी विचारा. भांडी-धुणं त्या हाताने, पावडर-साबणात करतात का, अंघोळीला वज्रीने टाचा घासतात का, आणि भेगांवर कोणी सांगितलेलं लिंबू, तुरटी, रॉकेल असलं काही लावतात का. मी पैजेवर सांगते वज्री तरी नक्की असेल. टाच जाड झाली की घासावीशी वाटते, घासलं की दोन दिवस मऊ वाटतं, आणि त्या घासण्यानेच कातडी अजून जाड होते. वज्री बंद, दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टिपून कोरडे करायचे आणि लगेच ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरिया असलेलं क्रीम, वर सुती मोजे घालून झोपायचं. भांड्यांना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. ऐकायला किरकोळ वाटतं पण तळव्याच्या सोरायसिसमध्ये निम्मं काम याने होतं, उरलेलं डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने. तिथली कातडी जाड म्हणून तिथे कडक स्टिरॉइड मलम लागतं, ते भावाच्या पोटावर किंवा जांघेत लावलं तर कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतील. म्हणून म्हटलं लावू नका.

भावाचं जे आहे त्याला गटेट सोरायसिस म्हणतात, लॅटिनमध्ये गटा म्हणजे थेंब. मुलं आणि तरुणांना होतो, आणि घशात स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी उठतो, म्हणजे तुम्ही सांगितलेली गोष्ट अगदी पुस्तकातली आहे. प्रतिकारशक्ती जंतूशी लढायला उठली आणि लढाई संपल्यावर कातडीकडे वळली असं समजा. चांगली बातमी अशी की बऱ्याच मुलांचा तीन-चार महिन्यांत आपोआप जातो. सगळ्यांचा मात्र जात नाही, साधारण तिघांतल्या एकाला पुढे कधीतरी प्लाक सोरायसिस होतो, त्यामुळे "गेला म्हणजे गेला" असं मी कोणालाही लिहून देत नाही. त्याला घशाची तपासणी, मॉइश्चरायझर, सौम्य मलम आणि पसरलेलं असेल तर लाइट ट्रीटमेंट पुरते. एक गोष्ट मात्र संकोच न करता सांगते, या वयात अंगावर असे ठिपके आले की मी व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी करून घेते, कारण तो आजारही हेच सोंग घेतो. त्यात मुलावर संशय घेण्याचा प्रश्न नाही, दोन मिलिलिटर रक्ताचा प्रश्न आहे.

जांघ, काख, स्तनांखाली होतो त्याला इन्व्हर्स म्हणतात. तिथे घामाने खपली टिकत नाही, नुसता गुळगुळीत लाल चट्टा, त्यामुळे गजकर्ण समजून लोक बुरशीची क्रीमं लावत बसतात.

आता ताई, तुमच्याबद्दल, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे कारण तुम्ही स्वतःचं शेवटी आणि जाताजाता लिहिलंय, घरातल्या बायका नेहमी तसंच करतात. नखांवरचे खड्डे ही सोरायसिसची फार जुनी ओळखीची खूण आहे. त्याबरोबर नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळट तपकिरी ठिपका, नख पुढून सुटून येणं, नखाखाली भुसा साचणं हेही असतं. आणि नखांत सोरायसिस असला तर सांध्यांत असण्याची शक्यता वाढते, कारण नखाचं मूळ आणि बोटाच्या शेवटच्या सांध्याचे स्नायुबंध एकमेकांना अगदी चिकटून आहेत. सोरायसिसवाल्या साधारण तीनातल्या एकापर्यंत लोकांना सांधे धरतात. बहुतेकांना आधी कातडी आणि पुढे काही वर्षांनी सांधे, पण काहींना आधी सांधे, आणि घरात रक्ताच्या नात्यात सोरायसिस असला की अंगावर एकही चट्टा नसतानाही हे निदान होऊ शकतं.

स्वतःला विचारून बघा. सकाळचा आखडलेपणा अर्धा तासाच्या वर राहतो का आणि हालचाल केल्यावर मोकळं होतं का, की काम केल्यावर दुखणं वाढतं? पहिलं असेल तर ती सूज आहे, दुसरं असेल तर बहुतेक झीज. एखादं अख्खं बोट किंवा पायाचं बोट फुगून पडवळासारखं झालं होतं का? टाचेच्या मागे, जिथे जाड शीर हाडाला चिकटते तिथे दुखतं का? कंबर रात्री पहाटे आखडून जाग येते का? यातलं काही हो असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना, आणि आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून कोणी "संधिवात नाही" म्हटलं तर तिथे थांबू नका, कारण सोरायसिसच्या संधिवातात तो बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो. सहा महिन्यांचा उशीरही सांध्याला महागात पडतो, कातडीचा चट्टा दहा वर्षांनी बरा केला तरी खूण राहत नाही पण झिजलेलं हाड परत येत नाही.

आता ती काळजीची गोष्ट. दोन रूपं अशी आहेत की ज्यात वाट बघायची नसते. एक पस्च्युलर, अंगभर लाल कातडीवर पिवळट पुवाचे बारीक फोड, थंडी वाजून ताप. त्यात पू असतो पण जंतू नसतो. १९१० साली फॉन त्सुम्बुश यांनी याचं वर्णन केलं, गरोदरपणातही हा उठू शकतो आणि तेव्हा आई-बाळ दोघांनाही धोका असतो. दुसरं एरिथ्रोडर्मिक, म्हणजे जवळजवळ सगळं अंग लाल आणि सोललेलं. कातडी हे शरीराचं पांघरूण आहे, तेच गेलं की उष्णता, पाणी, प्रथिनं सगळं बाहेर जातं, पेशंट पंख्याखालीही कुडकुडतो, पायावर सूज येते, म्हाताऱ्या माणसाचं हृदय थकतं. हे दोन्ही घरी सांभाळायचे आजार नाहीत, रात्री दोन वाजता झालं तरी हॉस्पिटल गाठायचं.

आणि हे होतं कशाने? आपोआपही होतं, संसर्गाने होतं, पण माझ्याकडे आलेल्या अशा पेशंटची चौकशी केली की फार वेळा एकच उत्तर निघतं, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन. एक शेतकरी गृहस्थ आठवतात, पन्नाशीचे, कोपर-गुडघ्यावर चार चट्टे, बास. कोणाच्या तरी सांगण्यावरून महिन्याला एक इंजेक्शन आणि कागदात बांधलेल्या पुड्या सुरू केल्या. आठ दिवसांत अंग लखलखीत, गावात त्यांनी अजून चार जणांना तो पत्ता दिला. सात-आठ महिने असं चाललं, मग सोयाबीनच्या काढणीच्या गडबडीत दोन महिने जाणं झालं नाही आणि तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत अंग पेटलं. माझ्याकडे आणलं तेव्हा चादर चिकटत होती. बावीस दिवस वॉर्डात होते. वाचले. पण चार चट्ट्यांचा माणूस आयसीयूच्या दारात गेला तो आजारामुळे नाही, औषधामुळे. स्टिरॉइड आत गेलं की प्रतिकारशक्ती दबते, ते अचानक काढलं की ती दुप्पट जोराने उसळते. पुडीवर नाव नसेल, आणि आठ दिवसांत जादू झाली असेल, तर आत काय आहे याचा अंदाज बांधा आणि अचानक बंदही करू नका, आहे तशी पुडी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे या. पेशंट चोरून लपवतात कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं. मी रागावत नाही, मला फक्त माहीत असायला हवं.

केमिस्टकडून मागून आणलेल्या "खाजेच्या क्रीम"चंही तेच. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरीही ती सर्रास मिळतात आणि त्यात स्टिरॉइड, बुरशीचं, जंतूचं असं तीन-चार औषधांचं मिश्रण असतं. सोरायसिस असो की नायटा, दोन्हीचं रूप त्याने इतकं बिघडतं की आम्हालाही ओळखू येत नाही.

उपचारांबद्दल लोकांना वाटतं काहीच नाही, आणि ते खरं नाही. तळवा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, असं मोजून किती भाग व्यापलाय ते आम्ही ठरवतो. थोडा असेल तर मलमं, स्टिरॉइड, व्हिटॅमिन डी जातीचं कॅल्सिपोट्रिऑल, डांबराचं म्हणजे कोल टारचं. एका जुन्या औषधाची गोष्ट तर आपल्या गोव्याशी जोडलेली आहे. ब्राझीलच्या एका झाडाच्या खोडातून निघणारी पिवळी पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि नायट्यावर "गोवा पावडर" म्हणून आपल्या भागात विकली जायची, १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांना दिसलं की ती सोरायसिसवर चालते, आणि तिच्यातल्या द्रव्यावरून पुढे १९१६ च्या सुमारास डिथ्रॅनॉल बनवलं गेलं. आज ते फारसं वापरत नाहीत कारण कपडे आणि कातडी रंगते, पण नायट्याचं म्हणून घेतलेलं औषध सोरायसिसला लागू पडलं ही गोष्ट मला फार आवडते, गोंधळ तेव्हाही हाच होता.

पसरलेलं असेल तर नॅरोबँड यूव्हीबी लाइट, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. गरोदर बाईलाही चालते. अडचण एकच, रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून तीनदा कोण येणार. मग गोळ्या, मेथोट्रेक्झेट, अ‍ॅप्रेमिलास्ट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅसिट्रेटिन. मेथोट्रेक्झेट स्वस्त आहे, जुनं आहे, सांध्यांनाही चालतं, मी भरपूर वापरते, पण ते आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं. रोज नाही. रोज नाही म्हणजे नाही. एका आजींना चिठ्ठीवरचं न कळल्याने नातवाने रोज एक दिली, दहाव्या दिवशी तोंडभर फोड, रक्तातल्या पेशी पडलेल्या, फोलिनिक अ‍ॅसिड हा त्यावरचा उतारा देऊन कसंबसं सावरलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर मराठीत वार लिहिते, "फक्त गुरुवार", आणि पेशंटकडून तोंडी म्हणवून घेते. दारू पिणाऱ्याने हे घेऊ नये, लिव्हरच्या आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर कराव्यात, आणि मूल हवं असेल तर आधीच सांगावं. अ‍ॅसिट्रेटिन तर मूल व्हायचंय अशा बाईला मी देतच नाही, बंद केल्यावर तीन वर्षं गरोदर राहता येत नाही.

बायोलॉजिक म्हणजे ती महाग इंजेक्शनं, जी मघाशी सांगितलेल्या निरोपांपैकी नेमका एक अडवतात. परिणाम कधीकधी डोळ्यांवर विश्वास बसू नये असा. आपल्याकडे देशातच बनवलेली आणि थोडी स्वस्त पर्यायी इंजेक्शनंही आहेत. पण सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिसची तपासणी हवीच, कारण आपल्या देशात झोपलेला टीबी खूप लोकांत असतो आणि टीएनएफ अडवलं की तो जागा होऊ शकतो.

पथ्याचं विचारतात. वांगं, बटाटा, मासे, दूध सोडून सोरायसिस गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. वजन कमी केल्याने, तंबाखू-बिडी आणि दारू सोडल्याने मात्र खरोखर फरक पडलेले पाहिलेत. ताणाने तो भडकतो हेही खरं, पण पेशंटला "टेन्शन घेऊ नका" म्हणणं सोपं आहे, चट्टे बघून कटिंगवाला हात लावत नाही आणि सोयरीक मोडते हेच तर टेन्शन असतं. युरोपात १८४१ मध्ये व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फॉन हेब्रा यांनी स्पष्ट वेगळा करेपर्यंत याला महारोगातच धरायचे, आणि आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द अठरा प्रकारच्या त्वचाविकारांना आहे, त्यातल्या एककुष्ठाचं वर्णन माशाच्या खवल्यांसारखं असं आहे, पण आज आपण कुष्ठ म्हटलं की एकच अर्थ घेतो आणि माणूस वाळीत पडतो. भावाच्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर लपवू नका आणि घाबरूही नका. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक-दीड, म्हणजे न होण्याची कितीतरी जास्त.

पूर्ण बरा होतो का याचं खरं उत्तर, कायमचा मुळासकट काढता येत नाही, पण ताब्यात ठेवता येतो, वर्षानुवर्षं एकही चट्टा नसलेले माझे पेशंट आहेत. मुळासकट काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि आईंची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, कातडीबरोबर आतही ही सूज असते आणि हृदयावर तिचा भार पडतो.

या आठवड्यात एवढं करा. आईंना घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे, जाण्याआधी दोन-तीन दिवस तळव्यांना मलम लावू नका म्हणजे बुरशीची तपासणी नीट होईल, आणि आजवरच्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाकून न्या. भावाचा घसा दाखवा, आणि ठिपके लवकर जावेत म्हणून कोणाकडून इंजेक्शन घेऊ देऊ नका. आणि ताई तुम्ही तुमच्या बोटांचे फोटो काढून ठेवा, उठल्या उठल्या, चहाच्या आधी, कारण अपॉइंटमेंट दुपारची मिळते आणि तोपर्यंत सूज उतरलेली असते, मग डॉक्टर म्हणतात हात तर चांगले दिसतायत.